फुल संस्कृत, कंपोझिट की हिंदी?
दहावीच्या भाषा निवडताना

जून उजाडला की पुण्याच्या महात्मा फुले मंडईतून बाजीराव रस्त्याने अप्पा बळवंत चौकाकडे जाणाऱ्या गर्दीत भाजीच्या पिशव्यांबरोबर वह्या-पुस्तकांच्या याद्याही दिसू लागतात. चौकातल्या दुकानांत उभं राहायला जागा नसते. काउंटरवरून यादी आत जाते, आतून गठ्ठा बाहेर येतो आणि मध्येच दुकानदार विचारतो, "ताई, नववीचं संस्कृत फुल देऊ की कंपोझिट?" ताई मुलाकडे बघतात, मुलगा शेजारी उभ्या असलेल्या मित्राकडे बघतो. बहुतेक वेळा मित्राचं उत्तर हेच त्याचंही उत्तर असतं.

खरं तर हा प्रश्न दुकानात यायच्या आधी, आठवीच्या सुरुवातीला शाळेने दिलेल्या कागदावरच येऊन गेलेला असतो. तेव्हा घरोघरी तीन शंका ठरलेल्या असतात. जास्त मार्क कशात पडतात? हिंदी सोडली तर पुढे अडेल का? आणि अलीकडे तिसरी : जर्मन घेतलं तर त्याचा काही उपयोग होईल का? तिन्ही शंका रास्त आहेत. त्यांची उत्तरं मिळवायची तर आधी दहावीची रचना समजून घ्यायला हवी.

१. तीन भाषा, निम्मी गुणपत्रिका

महाराष्ट्राची दहावी घेणारं राज्य मंडळ पुण्यातच, शिवाजीनगरला आहे. १ जानेवारी १९६६ पासून ते काम पाहतं. त्याच्या परीक्षेत प्रत्येकी १०० गुणांचे सहा विषय असतात. गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्रं हे तीन झाले. उरलेले तीनही विषय भाषेचे. म्हणजे ६०० पैकी ३०० गुण भाषांचे असतात. घरात मात्र सगळी चर्चा गणिताच्या क्लासची चाललेली असते.

तीन भाषांना तीन जागा आहेत. प्रथम भाषा म्हणजे साधारणपणे ज्या माध्यमात मूल शिकतं ती. मराठी माध्यमात ती मराठी. पुस्तकाचं नाव 'कुमारभारती'. इंग्रजी तिथे तृतीय भाषा असते. या दोन्ही जागा पक्क्या असतात. मधली, द्वितीय भाषेची जागा तेवढी मोकळी असते आणि सगळी निवड त्या एका जागेपुरती असते. तिथे हिंदी घेता येते, संस्कृत घेता येतं किंवा दोन्ही अर्धं-अर्धं घेता येतं.

इंग्रजी माध्यमात क्रम बदलतो. इंग्रजी प्रथम भाषा होते, मराठी 'अक्षरभारती' या पुस्तकातून शिकवली जाते आणि उरलेल्या जागेत हिंदी, संस्कृत, फ्रेंच किंवा जर्मन येतं. उर्दू, गुजराती, कन्नड, तेलुगू, सिंधी या भाषांतही बालभारती पाठ्यपुस्तकं काढते. त्यामुळे सोलापूरच्या कन्नड किंवा तेलुगू शाळेतल्या मुलाच्या तीन भाषा पुण्याच्या पेठेतल्या मुलाहून वेगळ्या असू शकतात. मंडळाच्या यादीत पाली आणि अर्धमागधीही आहेत. अर्धमागधी ही जैन आगमांची भाषा. पुण्यात एके काळी ती बऱ्यापैकी घेतली जायची, आणि त्यामागे अभ्यासाच्या ओढीइतकंच मार्कांचं आकर्षण असायचं.

यादीत आहे ते सगळं प्रत्येक शाळेत मिळत नाही. ज्या भाषेचा शिक्षक शाळेत आहे तीच मुलांपुढे येते. म्हणून 'काय घ्यावं' याच्या आधी 'आपल्या शाळेत काय आहे आणि ते कोण शिकवतं' हे विचारायचं असतं.

२. फुल आणि कंपोझिट

शाळेच्या कागदावर 'संपूर्ण' आणि 'संयुक्त' असे शब्द असतात. पोरं आणि दुकानदार 'फुल' आणि 'कंपोझिट' म्हणतात.

संपूर्ण संस्कृत म्हणजे १०० गुणांचं संस्कृत, पुस्तक 'आमोदः'. संपूर्ण हिंदी म्हणजे १०० गुणांची हिंदी, पुस्तक 'लोकभारती'. संयुक्त म्हणजे ५० गुणांची हिंदी आणि ५० गुणांचं संस्कृत मिळून एक विषय. त्यासाठी पुस्तकं वेगळी आणि आटोपशीर असतात : हिंदीचं 'लोकवाणी', संस्कृतचं 'आनन्दः'. दुकानात गोंधळ होतो तो इथेच. 'आमोद'च्या जागी 'आनंद' घरी येतं आणि दुसऱ्या दिवशी पावती घेऊन परत चौकात यावं लागतं.

शंभर गुणांच्या भाषेत ८० गुणांची लेखी परीक्षा असते आणि २० गुण तोंडी व अंतर्गत परीक्षेचे, शाळेच्या हातातले. संयुक्त विषयात प्रत्येक भाषेला ४० अधिक १०. या वीस गुणांचं वजन किती असतं ते मार्च २०१९ च्या परीक्षेने दाखवून दिलं. त्या वर्षी भाषांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. आदल्या वर्षी ८९.४१ टक्के लागलेला राज्याचा निकाल थेट ७७.१० टक्क्यांवर आला. २०२० मध्ये ते गुण पुन्हा सुरू झाले आणि निकाल ९५.३० टक्के लागला. सगळा चढ-उतार केवळ भाषांमुळे झाला असं म्हणता येणार नाही, पण भाषा हा 'सोपा' विषय नाही एवढं त्या एका वर्षात पुष्कळांना कळलं.

३. मार्कांचा हिशोब

आता पहिली शंका. पेठेतल्या एखाद्या मुलीचे गुण असे धरू : मराठी ८२, इंग्रजी ७०, गणित ८८, विज्ञान ८४, सामाजिक शास्त्रं ९०. राहिली मधली भाषा. हिंदी घेतली तर ८४ पडतील आणि फुल संस्कृत घेतलं तर ९५, असा घरच्यांचा अंदाज आहे.

मार्च २०१० पासून दहावीची टक्केवारी 'बेस्ट ऑफ फाइव्ह'ने काढतात. सहा विषयांपैकी सर्वांत जास्त गुणांचे पाच धरायचे आणि सर्वांत कमी गुणांचा एक सोडायचा. इथे इंग्रजीचे ७० सुटतात. हिंदी घेतली तर बेरीज ४२८, म्हणजे ८५.६ टक्के. संस्कृत घेतलं तर ४३९, म्हणजे ८७.८ टक्के. फरक २.२ टक्क्यांचा. अकरावीला ठरावीक कॉलेज हवं असेल तर दोन टक्केही महत्त्वाचे ठरतात, हे खरं आहे.

पण संस्कृत जमलं नाही आणि ६५ च पडले तर? मग संस्कृत सुटतं, इंग्रजी धरलं जातं, बेरीज ४१४ होते आणि टक्केवारी ८२.८ वर येते. बेस्ट ऑफ फाइव्ह ही एका माणसापुरती छत्री आहे. तिच्याखाली एकच कच्चा विषय मावतो. इंग्रजी आधीच कच्चं असेल तर ती छत्री तिथे खर्च झालेली असते आणि दुसऱ्या कच्च्या विषयाला आसरा उरत नाही. इंग्रजी भक्कम असणारं मूल फुल संस्कृतचा धोका पत्करू शकतं; इंग्रजीत अडखळणाऱ्या मुलाने संस्कृत खरोखर आवडत असेल तरच तो पत्करावा. मार्कांपुरता निष्कर्ष एवढाच निघतो. 'संस्कृत म्हणजे शंभरपैकी शंभर' ही समजूत त्यात बसत नाही.

काठावर असलेल्या मुलाचा हिशोब वेगळा असतो, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. पाट्या उचलण्यात किंवा भाजीच्या गाळ्यावर आईबापांना मदत करण्यात ज्याची सकाळ जाते, त्याच्यापुढे सवाल ९५ की ८४ असा नसतो. पास होण्याचा असतो. त्याच्यासाठी मंडळाचा एक नियम फार मोलाचा आहे. तीन भाषांचा एक गट धरतात. प्रत्येक भाषेत किमान २५ आणि तिन्ही मिळून किमान १०५ गुण असले की भाषा गटात पास. समजा, त्याला मराठीत ४५, इंग्रजीत २७ आणि हिंदीत ३४ पडले. दोन भाषांत पस्तीशी गाठली नाही, तरी बेरीज १०६ होते आणि तो पास होतो. मराठीतले दहा जादा गुण इंग्रजीला हात देतात. अशा मुलाने मधल्या जागेत हिंदीच घ्यावी. ती त्याच्या कानावर रोज पडते, मंडईत आणि सिनेमातही. आणि मराठी नीट लिहिण्यावर वेळ घालवावा, कारण त्याची दहावी मराठीच तारून नेणार असते.

४. कृतिपत्रिका उघडून

संस्कृतात एवढे गुण का पडतात? उत्तर प्रश्नपत्रिकेच्या घडणीत आहे. भाषांच्या प्रश्नपत्रिकेला आता 'कृतिपत्रिका' म्हणतात.

मराठीच्या कृतिपत्रिकेत उतारा असतो, त्यावर आकृतिबंध पूर्ण करायचे असतात, मग 'स्वमत' येतं, कवितेचं रसग्रहण येतं, शेवटी उपयोजित लेखन : पत्र, बातमी, जाहिरात, कथा. पुढे प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन. यातल्या बऱ्याच गोष्टींना एकच बरोबर उत्तर नसतं. रसग्रहणाला पैकीच्या पैकी गुण मिळतीलच असं कुणी सांगू शकत नाही. हिंदीचा साचाही असाच आहे.

संस्कृतात मात्र तालिका पूर्ण करायच्या असतात : 'बालक'चं तृतीया एकवचन काय, 'गम्'चं लृट् लकारातलं रूप काय. श्लोक शुद्ध आणि पूर्ण लिहायचे असतात. संधी सोडवायचा, समासाचा विग्रह जुळवायचा. उत्तर बरोबर असतं किंवा चूक, गणितासारखं. शिवाय काही प्रश्नांपुढे 'माध्यमभाषया' असं लिहिलेलं असतं. म्हणजे ते उत्तर मराठी माध्यमाच्या मुलाने मराठीत आणि इंग्रजी माध्यमाच्या मुलाने इंग्रजीत लिहायचं. सबंध पेपर संस्कृतात लिहावा लागेल ही पालकांची भीती म्हणूनच बिनबुडाची आहे.

ही घडण कष्टाळू आणि पाठांतर आवडणाऱ्या मुलांना मानवते. रूपं तोंडपाठ नसतील तर मात्र ती निष्ठुर आहे. मराठीत अर्धवट आठवणाऱ्या पाठावरही चार वाक्यं रचता येतात. संस्कृतात विभक्ती चुकली की गुण गेला. ज्या मुलाला पाढे म्हणायला आवडायचे, कोडी सोडवायला आवडतात, त्याला संस्कृत व्याकरण बहुधा आवडतं. जे मूल भडाभडा बोलतं, गोष्टी रचून सांगतं, त्याचा जीव हिंदीच्या 'कहानी लेखन'मध्ये जास्त रमेल. आठवीतल्या मुलाच्या आईला हे बाकी कुणाहीपेक्षा आधी दिसतं.

संयुक्तबद्दल थोडक्यात. दोन्ही भाषांची तोंडओळख राहते हे खरं. पण पेपर दोन, पुस्तकं दोन, व्याकरणं दोन. 'निम्मा अभ्यास' समजून संयुक्त घेणाऱ्यांची फसगत होते. ज्याला दोन्हींपैकी एकही भाषा सोडवत नसेल, त्याच्यासाठी तो पर्याय चांगला आहे.

५. निवड हा हक्क नव्हता तेव्हा

ज्या मंडईपासून हे प्रकरण सुरू झालं ती १८८६ मध्ये 'रे मार्केट' या नावाने खुली झाली. आज ती महात्मा फुल्यांच्या नावाने ओळखली जाते. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते तेव्हा त्यांनी या बाजाराच्या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर लागावा असं त्यांचं म्हणणं होतं. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं हेही मांडलं : मोडी आणि बाळबोध नीट वाचता-लिहिता यावं, हिशोब यावा, इतिहास-भूगोल, व्याकरण, शेतीची आणि आरोग्याची प्राथमिक माहिती मिळावी. त्या काळी जमाखर्च, खतं, कर्जरोखे मोडीत लिहिले जात. मोडी न येणारा शेतकरी कशावर अंगठा देतो आहे हे त्याला कळत नसे. भाषा आणि लिपी कोणती शिकायची हा प्रश्न फुल्यांनी थेट पोटापाण्याशी आणि फसवणुकीशी जोडला. त्याच काळात मंडईच्या आसपास एकेक शाळा उभी राहत होती : १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८३ मध्ये नूतन मराठी विद्यालय, १८८४ मध्ये मुलींसाठी हुजूरपागा.

मॅट्रिकला संस्कृत घेणं त्या काळी प्रतिष्ठेचं होतं. संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळे. १९१२ मध्ये ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली, पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले तेच हे देशमुख. पण ही निवड सगळ्यांना खुली नव्हती. भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये होते. त्यांनी संस्कृत शिकावं अशी त्यांची आणि घरची इच्छा होती. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या मुलाला संस्कृत शिकवायला शिक्षकाने नकार दिला. नाइलाजाने फारसी घेऊन त्यांनी १९०७ मध्ये मॅट्रिक पार केली. पुढे त्यांनी स्वतःच्या हिमतीवर संस्कृतचा अभ्यास केला, आणि १९४९ मध्ये संविधान सभेत संस्कृत राजभाषा व्हावी या सूचनेला पाठिंबा देणाऱ्यांत ते होते. शाळेच्या फॉर्मवरच्या एका चौकोनात खूण करायला मिळणं ही केवढी गोष्ट आहे, हे या एका हकिकतीवरून कळतं. आज तो चौकोन मित्राच्या पाटीकडे बघून भरला जातो तेव्हा म्हणूनच वाईट वाटतं.

मराठीची वाट वेगळ्या तऱ्हेने अडली होती. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून देशी भाषा बाहेर गेल्या आणि त्यांना परत आणण्यासाठी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांनी अखेरपर्यंत पाठपुरावा केला. हेच रानडे विद्यापीठाच्या १८५९ मधल्या पहिल्या मॅट्रिकच्या तुकडीत होते. १९०१ मध्ये ते गेले, त्या सुमारास एम.ए.ला मराठीचा शिरकाव झाला.

६. 'मराठी काय, घरचीच आहे'

एवढ्या खटपटीने मिळवलेली जागा आज मुलं आपणहून सोडताना दिसतात. दहावीपर्यंत मराठी सुटत नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांना ती टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. अकरावीत मात्र इंग्रजी तेवढी अनिवार्य राहते. दुसऱ्या भाषेच्या जागी मराठी, हिंदी, संस्कृत, जर्मन असे पर्याय असतात, आणि भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे पोरांच्या बोलीतलं 'आयटी', घेण्याचीही सोय आहे. विज्ञान-वाणिज्यची पुष्कळ मुलं गुणांसाठी आयटी घेतात. तिथे मराठीचं लेखन थांबतं.

मग चार-पाच वर्षांनी यातलीच काही मुलं पेरूगेट, शास्त्री रस्त्याच्या अभ्यासिकांत दिसतात. एमपीएससी, तलाठी, पोलीस भरती, सगळीकडे मराठी व्याकरण विचारतात. अप्पा बळवंत चौकातून मो. रा. वाळंब्यांचं 'सुगम मराठी व्याकरण लेखन' विकत घेतलं जातं, आणि प्रयोग, समास, वृत्तं पहिल्यापासून सुरू होतात. आठवी-नववीत 'आपलीच तर भाषा' म्हणून जो भाग चाळून सोडला होता, तोच आता नोकरीच्या आड उभा असतो. युपीएससीच्या मुख्य परीक्षेतही भारतीय भाषेचा ३०० गुणांचा पात्रता पेपर असतो. त्यात २५ टक्के पडले नाहीत तर बाकीच्या पेपरांचे गुण धरलेच जात नाहीत. 'जास्त मार्क कशात' असं विचारताना बहुतेक पालकांच्या नजरेत फक्त दहावीचा निकाल असतो. बाविसाव्या वर्षीची ही परीक्षाही त्यांनी नजरेत ठेवायला हवी.

७. जर्मन, हिंदी आणि शाळेबाहेरचे रस्ते

जर्मनची ओढ पुण्यात नवी नाही. मॅक्स म्युलर भवन आणि फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मुलं शिकली. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल कामगारांबाबत करार केला आणि १० हजार तरुणांचा आकडा जाहीर झाला. तेव्हापासून आठवीच्या पालकसभेतही जर्मनची चौकशी होते.

इथे एक गोष्ट समजून घ्यायची. युरोपात भाषेच्या पायऱ्या ए-१ पासून सी-२ पर्यंत सहा मानतात. तिथे नर्सिंगसारखं काम करायला साधारण बी-१, बी-२ ची तयारी लागते. शाळेतलं जर्मन पहिल्या एक-दोन पायऱ्यांच्या आसपास थांबतं. पाया म्हणून ते चांगलंच, पण दहावीला जर्मन नव्हतं म्हणून जर्मनीची वाट बंद होत नाही. बारावीनंतर सुरू करूनही माणसं तिथे पोहोचली आहेत.

हिंदी सोडण्याची भीतीही अशीच थोडी वाढवलेली असते. मराठी माध्यमातलं मूल पाचवीपासून हिंदी शिकत आलेलं असतं. फुल संस्कृत घेतल्याने ती विसरत नाही. आणखी हवी असेल तर नारायण पेठेत महाराष्ट्र राष्ट्रभाषा सभा आहे, १९३७ पासूनची. तिच्या प्रबोध, प्रवीण, पंडित या परीक्षा शाळा सांभाळून देता येतात. संस्कृतचं तसं नाही. ते रस्त्यावर कानावर पडत नाही आणि शिक्षकाशिवाय सुरुवात जड जाते. त्यामुळे शाळेत संस्कृतचा चांगला शिक्षक असेल तर ती तीन वर्षं वाया घालवू नयेत, असं या लेखकाचं मत आहे.

पालक आणखी एक गोष्ट विचारतात : पहिलीपासूनच्या हिंदीचं काय झालं? १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदी अनिवार्य केली, १७ जूनच्या निर्णयाने ती सक्ती मवाळ झाली आणि २९ जूनला दोन्ही निर्णय रद्द करून डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमल्याचं जाहीर झालं. हा सगळा वाद प्राथमिक वर्गांचा होता. आठवीच्या कागदावरचे संपूर्ण आणि संयुक्तचे चौकोन त्याने हलले नाहीत.

८. कागद भरण्याआधी

शाळेचा कागद हातात आल्यावर दोन-चार दिवस मिळतात. बालभारतीची पुस्तकं तिच्या संकेतस्थळावर फुकट वाचायला मिळतात, त्यामुळे आधी विकत घ्यायची गरज नाही. नववीच्या 'आमोदः'मधला एक पाठ आणि 'लोकभारती'मधला एक पाठ मुलाला स्वतः वाचू द्यावा. शेवटी दिलेल्या कृती सोडवू द्याव्यात. कुठे कंटाळा येतो, कुठे मूल आपणहून पान उलटतं, ते तासाभरात दिसतं. मग शाळेत जाऊन ती भाषा कोण शिकवतं, आठवड्याला किती तास मिळतात, आणि नववीच्या सहामाहीपर्यंत विषय बदलू देतात का, हे विचारावं. शेवटचा प्रश्न बहुतेक पालक विचारत नाहीत. मुलाला विषय जड जातो आहे हे पहिल्या घटक चाचणीनंतर कळतं, तेव्हा त्याचंच उत्तर लागतं.